ताडाला बांधलेली बोट

भाद्रपद लागला की मला चैन पडत नाही. लोकांना गणपतीचे वेध लागतात, मला ट्रेलरचे. पाऊस धड जात नाही आणि धड पडतही नाही. दोन सरींच्या मध्ये असं ऊन तापतं की खडोलीच्या रस्त्यावरून वाफा निघतात, कारखान्यांच्या कुंपणांवर चढलेले वेल एका रात्रीत वीतभर वाढतात, आणि हवेत ओल्या ताडपत्रीचा वास भरतो. प्लॅस्टिक, बुरशी आणि खाली दबून पिवळं पडलेलं गवत, असा तो तिहेरी वास आहे. तो आला की माझा हात आपोआप पँटच्या खिशात जातो. किल्ली आहे ना? आहे. मग मी पुन्हा चाचपतो, कारण पहिल्यांदा लागली ती स्कूटरची असू शकते.

मी मूळचा नाशिकचा. खडोलीतल्या एका सुताच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, म्हणजे मशीन बंद पडली की शिव्या खातो आणि चालू राहिली की मी आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. या धंद्यात वीस वर्षं काढलेला माणूस संशयी झाला नाही तरच नवल. मशीन नीट चालत असेल तर मला वाटतं, आता ही बंद पडणार. बंद पडली तर वाटतं, कोणीतरी पाडली. घरीही तेच. गॅसचं बटण मी तीनदा बघतो. दुधाच्या पिशव्या दाबून बघतो. शुभांगी, माझी बायको, पाहुण्यांना हमखास सांगते की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी आधी माझ्याकडे बघितलंच नाही, हॉलच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपलांकडे बघितलं. ते खरं आहे. नवी कोल्हापुरी होती.

अशा माणसाने बोट घ्यावी हा मुळात आचरटपणाच. पण घेतली. दुधनीच्या बाजूला एक छोटं हॉटेल बंद पडलं, त्यांनी सामान विकायला काढलं, त्यात ही होती. पांढरी फायबरची, कडेला निळा पट्टा, पाच माणसं बसतील एवढी. सोबत तिचा दोन चाकांचा ट्रेलर, जीपच्या मागे लावून न्यायचा. परवानगीचे कागद करता करता माझ्या चपला झिजल्या, पण एकदा ते झाल्यावर हिवाळ्यातले रविवार जे काय गेले म्हणता! धरणाच्या पाठच्या त्या पसरलेल्या पाण्यात सकाळी आठला बोट सोडायची, इंजिन बंद करायचं आणि नुसतं बसायचं. दोन्ही बाजूंनी डोंगर, पाण्यावर धुक्याची साय, लांब कुठेतरी होडीतून कोणीतरी कोणालातरी हाका मारतंय. तेवढे दोन तास माझ्या डोक्यातल्या सगळ्या मशिनी बंद असायच्या. बोटीवर बसून मी कधी कोणाचा संशय घेतल्याचं मला आठवत नाही. पाण्यात उतरल्यावर बोट चोरणार कोण?

घोळ सगळा पावसाळ्याचा. जून ते गणपतीपर्यंत बोट पाण्यात घालायची नाही, मग ती ट्रेलरवर चढवून कुठेतरी ठेवायची. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, इथे गाड्यांना जागा नाही आणि तुम्ही जहाज आणताय. तेव्हा बोरसेने तोड काढली. बोरसे म्हणजे माझ्याच खात्यातला फिटर, अमळनेरकडचा, कमी बोलणारा, हाताचा फार चांगला. माझ्या हाताखाली शिकला आणि माझ्या पुढे गेला. तो खेरडीला रमणभाईंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचा. म्हणाला, रमणभाईंचं खळं पावसाळ्यात मोकळंच असतं, मी विचारून बघतो. रमणभाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः खळं झाडून ठेवलं. जागेबद्दल काही घेणार का विचारलं तर हसले आणि म्हणाले की एकदा बोटीत बसवा म्हणजे झालं.

रमणभाई शेतकरी. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी, आणि हिवाळ्यात ताडी. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण जिना चढावा तसा ताडावर चढायचा. वर पोचला की खालच्या माणसाशी गप्पा मारायचा आणि खालच्याची मान दुखायची. त्यांच्या खळ्याच्या कडेला तीन ताड होते. त्यातल्या मधल्या ताडाला मी माझी बोट बांधली.

बांधली म्हणजे कशी, ते सांगायला हवं. एक जाड साखळी घेतली. ती ट्रेलरच्या दोन्ही चाकांतून काढली, पुढच्या दांड्यातून ओवली, बोटीच्या नाकाशी असलेल्या कडीतून घेतली, ताडाला दोन वेढे दिले आणि टोकं जुळवून पितळी कुलूप ठोकलं. दांड्याच्या टोकाला जीपचा हुक अडकतो तिथे लोखंडी टोपण बसवून घेतलं. ट्रेलरच्या सांगाड्यावर तीन ठिकाणी माझा नंबर ठोकला, त्यातला एक अशा जागी की जमिनीवर उताणं पडल्याशिवाय दिसू नये. इंजिन काढून घरी बाल्कनीत आणून ठेवलं. दोन वल्ही तेवढी ताडपत्रीखाली ठेवली, तीही साखळीत ओवून. हे सगळं होईपर्यंत रमणभाई ओट्यावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी बोरसेला विचारलं की साहेब ही गाय बांधतायत की वाघ.

तो पहिला पावसाळा मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. रविवारी सकाळी मी खेरडीला जायचो. खाचरांत लावणी झालेली, हिरवा रंग डोळ्यांत घुसायचा. ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचलेलं, त्यात बेडकाची पिल्लं. काशीबेन, रमणभाईंची बायको, गवती चहाची पात घालून काळा चहा आणायची, इतका गोड की ओठ चिकटायचे. मी पितळेचा कप हातात धरून त्यांच्या म्हशीची चौकशी करायचो आणि डोळा ट्रेलरच्या उजव्या चाकावर असायचा. कारण मी चाकावर आणि खालच्या फरशीवर तैलरंगाने एक सरळ रेघ मारलेली होती. रेघ जुळते का? गाठी तशाच आहेत का? मोबाइलमध्ये मागच्या रविवारचे चार बाजूंनी काढलेले फोटो, ते मी बोटाने मोठे करून ताडून बघायचो. चहा चांगला होता असं आता वाटतं. तेव्हा त्याच्या चवीकडे लक्ष नव्हतं.

माझा संशय कोणावर नव्हता ते विचारा. रस्त्याने भोंगा लावून जाणारा भंगारवाल्याचा टेम्पो खेरडीत आठवड्यात दोनदा का येतो? रमणभाईंचा मेहुणा वापीहून येतो तो नेमका बोटीजवळच का बिडी ओढतो? रात्रपाळीची पोरं तिथून शॉर्टकट का मारतात? प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर होतं, पण सरळ उत्तरावर मी कधी समाधान मानलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र खरंच काहीतरी घडायला लागलं. जुलैत एका रविवारी बघतो तर ताडपत्रीच्या दोरीची गाठ वेगळी. मी दोन फासाची मारतो, ही एका फासाची. माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या खेपेला रंगाची रेघ चार बोटं सरकलेली. साखळी ताणली तर चाक तेवढं हलतं, पण हलवलं कोणी आणि कशाला? मी कोणाला काही बोललो नाही. चहा घेतला, आलो. वाटेत खानवेलच्या फाट्यापर्यंत चुकून पुढे गेलो, इतका मी त्या चार बोटांत अडकलो होतो.

त्याच आठवड्यात बोरसे माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, साहेब, एक किल्ली तिथे ठेवा ना रमणभाईंकडे. पाणीबिणी आलं तर बोट हलवता येईल. किती साधी गोष्ट. खळं उतारावर, खाली नाला, नाल्यापलीकडे नदी, पाणी येऊ शकतं हे शेंबड्या पोराला कळेल. पण माझ्या डोक्यात काय आलं? हा किल्ली मागतोय. आधी गाठ, मग चाक, आता किल्ली. मी म्हटलं, बघतो. आणि दुसरी किल्ली होती ती घरी कपाटाच्या आतल्या कप्प्यात टाकून कपाटालाही कुलूप लावलं.

मग नट गेला. डाव्या चाकाला पाच नट असतात, त्या रविवारी चार होते. पाचव्याच्या जागी बोल्ट उघडा, त्यावर ताजा गंज. हे मात्र वाऱ्याने होत नाही, पाना लावावा लागतो. आणि त्या वाडीत पाना लावता येणारा माणूस एकच होता. सोमवारी वर्कशॉपमध्ये पाच-सहा जण चहा पीत असताना मी मोबाइल पुढे केला, तो फोटो बोरसेला दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की बोरसे, हा नट कुठे गेला असेल रे? तो फोटोकडे बघत राहिला. कोणीतरी खाकरलं. बोरसे म्हणाला, माहीत नाही साहेब. मी म्हटलं, नाही, तू तिथेच राहतोस म्हणून विचारलं.

संध्याकाळी तो त्याच मापाचा नवा नट घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, बघा किती चांगला माणूस. पण संशयाचं एक असतं, त्याला काहीही घाला, ते पचवतं. मी तो नट हातात फिरवला आणि मनाशी म्हणालो, मनात पाप नसतं तर आणला कशाला असता?

इथे मला आमच्या लाल कुलपाबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कारखान्यात कोणीही मशीनमध्ये हात घालण्याआधी तिचा मुख्य स्विच बंद करतो आणि त्या स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो. कुलपाला त्याच्या नावाचा आणि फोटोचा टॅग. किल्ली एकच, आणि ती त्याच्याच खिशात. त्याचा हात आत असेपर्यंत जगातल्या कोणालाही ती मशीन चालू करता येऊ नये, एवढ्यासाठी. ते कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही. मालकाने सांगितलं तरी नाही, माल अडला तरी नाही. समजा एखादा कुलूप विसरून घरी गेला, तर त्याला फोन लावायचा. त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं की मी बाहेर आहे, कुलूप कापा. मगच कापायचं. माझ्या आधीच्या कारखान्यात हा नियम नव्हता आणि तिथे एका माणसाची चार बोटं माझ्यासमोर गेली. त्यामुळे नव्या भरतीला मी हे शिकवतो तेव्हा घसा सुकेपर्यंत शिकवतो. लाल कुलूप म्हणजे आत माणूस आहे. बोरसेलाही मीच शिकवलं होतं. तो तर इतका पक्का की एकदा प्लांट मॅनेजर ओरडत असताना याने दुसऱ्याचं कुलूप काढायला सरळ नकार दिला होता, आणि मी त्याची पाठ थोपटली होती.

नट गेल्यानंतरच्या रविवारी मी पितळी कुलूप काढलं आणि त्या साखळीला माझं लाल कुलूप लावलं. टॅगसकट. टॅगवर माझा फोटो, माझं नाव, आणि खाली छापलेलं: धोका, काम चालू आहे, उघडू नये. भंगारवाल्याला त्या टॅगचं काय? त्याला लाल काय आणि पितळी काय. ते कुलूप मी एकाच माणसासाठी लावलं होतं, जो वाचू शकत होता आणि ज्याचा हात त्याला लागणार नाही हे मला माहीत होतं. लावताना मी स्वतःवर खूश होतो. परत येताना गाडीत शीळ घातलेली मला आठवते. लाज वाटते आता.

गौरी जेवायच्या दिवशी आम्ही नाशिकला होतो. सकाळपासून घरात पुरणाचा वास, सोळा भाज्यांची चिराचीर, माझ्या वहिनीची धावपळ. तिकडेही पाऊस लागून राहिला होता. आदल्या दिवसापासून तो सगळीकडेच कोसळत होता. पावणेअकराच्या सुमाराला माझा फोन थरथरला. बोरसे. मी बघितलं आणि उचलला नाही. का नाही उचलला? आज कोणी विचारलं तर सांगता येणार नाही असं नाही, चांगलं सांगता येतं. मला वाटलं, हा मी गावाला गेलोय की नाही याची खात्री करून घेतोय. फोन पुन्हा आला. पुन्हा. मी तो उपडा करून देवघराच्या फळीवर ठेवला आणि केळीची पानं पुसायला घेतली. पानांच्या मागच्या बाजूला चिकट पांढरी रेघ असते, ती निघेपर्यंत घासत बसलो.

तेव्हा खेरडीत काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यांनी कळलं. नदी फुगली, नाल्याचं पाणी उलटं फिरलं आणि खालची सगळी खाचरं एक झाली. रमणभाई सकाळीच खालच्या शेतातल्या खोपीवर गेले होते, म्हशी सोडायला. म्हशी सोडल्या, त्या पोहत निघून गेल्या, आणि हे मागे अडकले. पाणी छातीला आलं तेव्हा ते बांधावरच्या शिंदीच्या झाडाला बिलगले. ताडावर चढणारा माणूस, पण ओल्या झाडाला किती वेळ धरून राहणार? म्हशीचं दावं हातात होतं, ते त्यांनी उजव्या मनगटाला गुंडाळून झाडाला बांधून घेतलं. वाडीतून ते दिसत होते. हाक मारली तर ओ देत होते. बचावाची बोट पलीकडच्या वस्तीत माणसं काढत होती, तिला यायला वेळ लागणार होता. आणि खळ्यावर, पाण्यापासून पन्नास पावलांवर, एक धडधाकट बोट ताडाला बांधलेली होती.

बोरसेच्या खोलीत लोखंड कापायची करवत होती. त्याने ती आणली होती. ती हातात घेऊन तो कुलपापाशी उभा होता, आणि दुसऱ्या हाताने मला फोन लावत होता. अकरा वेळा.

बाराव्या वेळी, एक वाजायला आला असताना, शुभांगीने फोन उचलला. मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने ऐकलं, तिचा चेहरा उतरला, आणि तिने फोन माझ्या कानाला लावला.

"साहेब, रमणभाई पाण्यात अडकलेत. बोट पाहिजे. तुमचं लाल कुलूप आहे."

मी म्हणालो, अरे मग काप की, विचारतोस काय.

"तुम्ही तसं म्हणा, साहेब. नियमाप्रमाणे."

माझ्या हातात केळीचं पान होतं. आत स्वयंपाकघरात कोणीतरी हसत होतं. मी म्हणालो, "मी बाहेर आहे. कुलूप काप."

फोन चालूच होता. करवतीचा आवाज मला नाशिकला ऐकू आला, मग माणसांचे आवाज, मग काही नाही.

पाच-सहा जणांनी ट्रेलर हातानेच ढकलत पाण्यापर्यंत नेला. बोरसे आणि आणखी एक जण वल्ही मारत गेले आणि वीस मिनिटांत रमणभाईंना घेऊन आले. वीस मिनिटं. जिवंत आणले, शुद्धीवर आणले. फक्त उजवा हात दाव्यातून सोडवला तेव्हा तो काळानिळा झाला होता. दवाखान्यात सांगितलं की मनगटातली नस फार वेळ दाबली गेली, तासाभरात सुटली असती तर गोष्ट वेगळी होती. महिने गेले, मालीश झालं, तेलं झाली, सुरतेच्या डॉक्टरला दाखवून झालं. पंजा वळत नाही. पेला धरता येतो, तोही दोन हातांनी. त्या हिवाळ्यात तिन्ही ताड मडक्यांशिवाय उभे होते. रमणभाई खाली ओट्यावर बसून वर बघायचे, आणि मी गेलो की नेहमीसारखं हसून काशीबेनला चहा ठेवायला सांगायचे. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

गाठ कोणी बदलली ते मात्र त्यांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं. वाऱ्याने ताडपत्री सुटली होती, त्यांनी बांधली. चाक जाम होऊ नये म्हणून ते आणि बोरसे पंधरा दिवसांतून एकदा ट्रेलर जरा पुढेमागे करायचे. आणि नट? नटाचं काही कळलं नाही. तो खरंच कोणीतरी काढला. आजही तो भंगारवाला दिसला की माझी नजर त्याच्या टेम्पोत जाते. माणूस एवढ्याने बदलत नाही.

ट्रेलर मी खेरडीहून हलवला, कारण तिथे जाऊन त्याच्याकडे बघवेना. आता तो कारखान्याच्या आवारात, कँटीनच्या मागे उभा असतो. गेटवर सुरक्षारक्षक, भिंतीवर कॅमेरा, चोर यायची सोय नाही. त्या दिवसानंतर बोट पाण्यात गेलेली नाही. तरी या दिवसांत मी जेवणाच्या सुट्टीत तिकडे चक्कर मारतोच. ताडपत्री उचलतो, नट मोजतो. पाच. पाच.

आणि त्या दिवसाचं मी काय केलं? मी त्याची गोष्ट केली. नव्या भरतीचं ट्रेनिंग असतं तेव्हा लाल कुलपाचा धडा संपला की मी ती सांगतो. नाव घेत नाही, पण सगळ्यांना कळतं. म्हणतो, आपल्याकडे असा एक माणूस आहे की समोर ओळखीचा माणूस बुडत होता, हातात करवत होती, तरी त्याने कुलपाच्या मालकाचा शब्द मिळाल्याशिवाय कुलूप कापलं नाही. मग थांबतो आणि म्हणतो, चूक कुलूप लावणाऱ्याची होती, त्याने ते भलत्या जागी लावलं, पण शिस्त म्हणजे काय ते या माणसाकडून शिका. पोरं माना डोलावतात. मलाही बरं वाटतं. आपली चूक कबूल केल्याचं बरं वाटतं आणि आपण शिकवलेलं इतकं खोल रुजलं याचंही वाटतं. बोरसे कधी कधी मागे भिंतीला टेकून उभा असतो.

गेल्या आठवड्यात चाकांच्या आतलं ग्रीस बदलायचं होतं. मी एकटाच करणार होतो, पण बोरसे आपणहून आला. जॅक लावला, डावं चाक काढलं, आम्ही दोघं उकिडवे बसलो. ऊन होतं, मग सर आली, मग पुन्हा ऊन. तो बोटाने जुनं ग्रीस काढत होता. काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाला की साहेब, ती कुलपाची गोष्ट ट्रेनिंगला सांगत जाऊ नका.

मी म्हटलं, अरे, त्यात तुझं कौतुकच करतो की.

"तेच सांगतोय. मी नियम पाळला नव्हता, साहेब." त्याने चिंधीला हात पुसले. "बोटीत कोणाचा हात अडकलेला नसतो, एवढं मला कळतं. काशीबेन कुऱ्हाड घेऊन आली होती. मीच तिला अडवलं. ते कुलूप तुम्ही माझ्यासाठी लावलं होतं. नटाचं सगळ्यांसमोर विचारलंत, आणि पुढच्या रविवारी ते आलं. कापलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा, हाच तो. दोन तास मी त्या एका वाक्याला घाबरलो."

सर पुन्हा आली होती, पण आम्ही दोघंही उठलो नाही. मी विचारलं की हे रमणभाईंना माहीत आहे का.

"त्यांना तेव्हाच सांगितलं. दवाखान्यात."

"काय म्हणाले?"

बोरसेने चाक उचलून जागेवर बसवलं आणि पहिला नट हाताने फिरवला.

"म्हणाले, साहेबाला नको सांगू. त्याला वाईट वाटेल."